जॅझ-वादन आणि आपली संगीतशाळा

(ज्युबिलीनिमित्त सावर्डे येथें भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरु बोलावयास उभा राहिला म्हणजे तो मंदिराच्या पायाभरणीपासून कौलें चढेपर्यंतची हकीकत सांगणार, देणगीदारांचे आभार मानणार आणि शेवटीं मंडपाच्या खर्चांत पडलेली तूट हळूच पुढें करणार, अशी आपली समजूत असते. व ती अनुभवावरून झालेली असल्यामुळें मी तिला दोष देत नाहीं. परंतु आज मी जॅझ-संगीताविषयीं बोलणार आहे. समोरच्या दोन-तीन रांगांत चुळबूळ झाली ती मला येथून दिसली. हा शब्द ज्युबिली-मंडळाच्या बैठकींत प्रथम निघाला तेव्हां माझ्याही मनांत तशीच चुळबूळ झाली होती.

हकीकत अशी. आपल्याच धर्मग्रामांतला एक मुलगा मुंबईंत एका संगीत महाविद्यालयांत ट्रम्पेट शिकत आहे. त्याचें नांव मी घेत नाहीं. घेतलें तर त्याच्या आईला आवडणार नाहीं, आणि बापाला फारच आवडेल. त्या महाविद्यालयांतील कांहीं अध्यापक, चालू विद्यार्थी आणि जुने विद्यार्थी मिळून जॅझच्या मैफली करितात. त्यांपैकीं सहा-सात जण स्वखर्चानें येऊन आपल्या ज्युबिलींत एक संध्याकाळ वाजवितील, असा निरोप त्यानें पाठविला. मंडळांत दोन तट पडले. एका वडील सभासदांनीं विचारिलें, "फादर, दारूच्या गुत्त्यांत वाजणारें संगीत आपण मंदिराच्या अंगणांत आणावयाचें काय?" मीं त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं. खरें सांगावयाचें तर माझें मत त्यांच्याच बाजूचें होतें. सेमिनरींत आम्हांस ग्रेगोरियन गायन शिकविलें गेलें, थोडी पेटीही शिकविली गेली. जॅझ हा शब्द मात्र तेथें बेशिस्तीचें उदाहरण म्हणून तेवढा कानीं पडला होता. निर्णय नाताळानंतर देईन, असें सांगून मीं बैठक संपविली.

पुढें 2024 सालच्या डिसेंबरांत डोळे दाखविण्यासाठीं मला मुंबईस जावें लागलें. त्या मुलास हें कळलें, आणि डोळ्यांत औषध घातलेल्या, धड कांहीं न दिसणाऱ्या अशा मला तो हातास धरून आपल्या मैफलीस घेऊन गेला. डोळे निरुपयोगी होते म्हणून कानांवरच सर्व भार पडला, हें एका दृष्टीनें बरें झालें.

व्यासपीठावर सात जण होते. पियानोवर साठीच्या घरांतले अध्यापक. त्यांच्याच हाताखालीं शिकून आतां पुण्यास शिकवीत असलेला एक ड्रमवाला. सॅक्सोफोनवर अशीच एक जुनी विद्यार्थिनी. गिटारवर दुसरे एक अध्यापक. बासरीवर अखेरच्या वर्षाची एक मुलगी. उभ्या बेसवर पहिल्या वर्षाचा, अंगानें त्या वाद्याहून लहान दिसणारा पोरगा. आणि ट्रम्पेटवर आपला मुलगा. कोणीं मध्यभागीं बसावें व कोणीं मागें राहावें, याचा कांहींच नियम दिसला नाहीं. तासभरांत केव्हां गुरु साथीस, केव्हां शिष्य साथीस, अशी अदलाबदल चालली होती.

जॅझ म्हणजे काय, हें मी माझ्या अल्प समजुतीप्रमाणें सांगतों. आपल्या कोंकणांत भजनाची डबलबारी होते. एक बुवा गजर टाकतो, दुसरा त्याला जागच्या जागीं उत्तर देतो. दक्षिणेकडे सिंधुदुर्गांत दशावतारी नट हातीं संहिता न घेतां उभे राहतात. आख्यान काय तें ठरलेलें असतें, भाषणें मात्र रंगभूमीवर सुचतील तशीं. जॅझची रीत यांच्या फार जवळची आहे. तिच्या एका साध्या आणि जुन्या प्रकारांत चार-चार मात्रांचे बारा खंड असतात. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचें एक आवर्तन. पेटीवाले ज्यांस कॉर्ड म्हणतात असे तीन स्वरमेळ त्या आवर्तनांत ठरलेल्या जागीं बदलतात. प्रथम सर्व जण मिळून मूळ चाल वाजवितात. मग एकेक वादक पुढें येऊन त्याच आवर्तनावर स्वतःला सुचेल तें वाजवितो. बाकीचे साथ धरितात. शेवटीं ड्रमवाला आणि इतर यांच्यांत चार-चार खंडांचें सवाल-जबाब होतें, आणि पुन्हां मूळ चालीवर सर्व एकत्र येतात. ख्याल ऐकणाऱ्याला समेवर येण्याची जी ओढ लागते तीच येथें आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची लागते. म्हणजे ज्याला मी बेशिस्त समजत होतों तेथें प्रत्येक जण मनांतल्या मनांत मात्रा मोजीत होता, आणि इतर सहा जण काय वाजवीत आहेत तेंही ऐकत होता. इतकें लक्ष माझ्या प्रवचनाकडे कोणीं कधीं दिल्याचें मला स्मरत नाहीं.

आपल्या मुलाची पाळी आली. पहिलीं दोन आवर्तनें त्यानें चांगलीं वाजविलीं. तिसऱ्यांत तो वाट चुकला. जेथें स्वरमेळ बदलावयाचा तेथें तो जुन्यावरच राहिला, आणि एक लांबलचक स्वर असा लागला कीं तो कोणत्याच घरचा नव्हता. मी पेटी वाजविणारा माणूस; माझ्या पोटांत गोळा आला. तेव्हां त्या अध्यापकांनीं काय करावें? तोच चुकलेला स्वर त्यांनीं आपल्या स्वरमेळांत घेतला, असा कीं तो मुद्दाम लाविलेला वाटावा. आणि पुढच्या आवर्तनाच्या तोंडाशीं डाव्या हातानें मूळ स्वर जोरानें दाबून त्याला वाट दाखविली. मुलगा परत जागेवर आला. टाळ्या पडल्या. लोकांना यांतलें कांहींच कळलें नाहीं.

बाहेर आल्यावर मीं त्याला त्याविषयीं विचारिलें. तो म्हणाला, "फादर, सर दर बुधवारीं वर्गांत मला इतकें रागावतात कीं सोडून जावेंसें वाटतें. पण तेथें वर ते माझ्या चुकीबरोबर चालले." थोड्या वेळानें तो पुन्हां म्हणाला, "आपल्या मास्तरांसारखे." यावर मीं कांहीं बोललों नाहीं, कां, तें पुढें सांगतों.

परत आल्यावर मीं या विषयावर हातीं लागलें तें वाचिलें. गुत्त्याचा जो आक्षेप आहे तो सर्वस्वी खोटा नाहीं, हें प्रथम कबूल करितों. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिअन्स शहरांत, गुलामगिरींतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या पुढच्या पिढ्यांत हें संगीत रूपास आलें. आणि तें दारूच्या व नाचाच्या ठिकाणीं वाजत असे, यांत शंका नाहीं. परंतु तेंच लोक अंत्ययात्रेंत व सणांच्या मिरवणुकींत बँड वाजवीत, आणि देवळांतील त्यांच्या स्तोत्रांचे सूरही याच संगीतांत मिसळलेले आहेत. आमच्या आक्षेपकांनीं गुत्ता पाहिला. मिरवणूक पाहिली नाहीं.

आपल्या देशांत हें संगीत कोणीं वाढविलें, हें कळल्यावर तर मला आपल्याच घरचें जुनें कपाट उघडल्यासारखें झालें. 1935 सालीं लिऑन ॲबी नांवाचे अमेरिकन कृष्णवर्णी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आले. त्यांच्यामागून आणखी आले. टेडी वेदरफर्ड नांवाचे नामांकित पियानोवादक तर याच देशांत राहिले आणि 1945 सालीं कलकत्त्यास वारले. या पाहुण्यांचें वाजविणें ऐकून तें आत्मसात करणारे येथें कोण निघाले? बहुतांशीं गोमंतकीय ख्रिस्ती. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, ज्यांना मुंबई 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखीत असे, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, असे कित्येक. आगबोटीनें आपल्याच किनाऱ्यावरून, रत्नागिरीचें बंदर डावें-उजवें करीत, काखेंत व्हायोलिनची पेटी घेऊन ते मुंबईस जात, आणि धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गांवच्या कुडींत उतरत.

त्यांना हें साधलें तें कशामुळें? गोव्यांत पोर्तुगीज अमदानीपासून मंदिराला जोडून संगीतशाळा असत. तेथला मास्तर गांवच्या मुलांना अक्षरओळख व धर्मशिक्षण याबरोबर स्वरवाचन शिकवी. पांच रेघांवर लिहिलेलें संगीत पाहतांक्षणीं वाचावयाचें. नुसतें तोंडानें म्हणून पक्कें झाल्यावाचून हातांत फिडल मिळत नसे. तोच मास्तर रविवारीं मिस्सेला गायकवृंद चालवी, आणि त्याचे आजी-माजी शिष्य त्याच्या बाजूस उभे राहून वाजवीत. मुंबईच्या त्या मैफलींत सात जणांचा जो मेळ मीं ऐकिला तो अध्यापक, विद्यार्थी व माजी विद्यार्थी यांचा. आणि गोव्यांतल्या माळ्यावर दर रविवारीं उभा राहत असे तो मेळही याच तीन पिढ्यांचा. पाश्चात्त्य महाविद्यालयांनीं नवीन युक्ति काढिली असें समजून आपण थक्क व्हावयाचें, आणि ती आपल्या आजोबांची निघावयाची, असें पुष्कळदां होतें.

या शिक्षणाचें मोल हिंदी चित्रपटांनीं ओळखिलें. संगीत-दिग्दर्शकानें चाल गुणगुणावी आणि या वादकांपैकीं कोणी बसून पन्नास वाद्यांचे कागद लिहून काढावे, असा क्रम कित्येक वर्षें चालला. आपले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्या 1951 सालच्या 'अलबेला' चित्रपटांत जी ठसक्याची लय आहे तिच्यांत चिक चॉकलेट यांच्या मंडळींचा वांटा मोठा आहे. महाराष्ट्राच्या घरोघरीं ती लय गेली. ट्रम्पेट कोण वाजवितो तें मात्र कोणीं विचारिलें नाहीं.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची गोष्ट अशीच. त्यांचा जन्म 1927 सालचा. वडील मंदिरांत गायकवृंदाचे मास्तर. त्यांच्याजवळ हे शिकले. मुंबईंत त्यांनीं पुष्कळांना व्हायोलिन शिकविलें; त्यांत पुढें लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडींतले प्यारेलाल होते. 1958 सालीं गोन्साल्विसांनीं मुंबईंत मोठा वाद्यवृंद जमवून रागदारी व पाश्चात्त्य वादन यांची सांगड घालणारी मैफल केली. लता मंगेशकर व मन्ना डे तींत गायले. पुढें 1977 सालच्या एका चित्रपटांत त्यांच्या नांवाचें गाणें आलें, आणि साऱ्या देशानें तें नांव तोंडीं घेतलें. गाणें सर्वांना पाठ. परंतु तो मनुष्य खरोखरीचा असून प्यारेलालांनीं आपल्या गुरूचें ऋण त्या गाण्यांत फेडिलें, हें फार थोड्यांना ठाऊक होतें. ते 2012 सालीं वारले.

दारूचें म्हणावें तर 1949 सालीं मुंबई प्रांतांत दारूबंदीचा कायदा झाला, आणि हॉटेलांतल्या त्या रात्रींना ओहोटी लागली. आमच्या सभासदांचा सिद्धांत खरा असता तर त्याबरोबर जॅझही आटून जावयाचा. तो आटला नाहीं. 1958 सालीं डेव्ह ब्रूबेक मुंबईस येऊन वाजवून गेले. त्यांच्यामागून 1963 सालीं ड्यूक एलिंग्टन आणि 1964 सालीं लुई आर्मस्ट्राँग आले. 1978 सालीं निरंजन झवेरी यांच्या पुढाकारानें 'जॅझ यात्रा' नांवाचा महोत्सव मुंबईंत सुरू झाला.

ब्रूबेक यांची एक हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाहीं. कॅलिफोर्नियांतील एका कॉलेजांत ते संगीत शिकत होते. वाजविण्यांत पटाईत, परंतु लिहिलेलें संगीत त्यांना धड वाचतां येत नाहीं, हें अगदीं शेवटीं उघडकीस आलें. पदवी द्यावी कीं न द्यावी? 1942 सालीं ती दिली, पण एका अटीवर: पियानो म्हणून कोणास कधीं शिकवावयाचा नाहीं! पुढें हेच गृहस्थ कॉलेजा-कॉलेजांतून मैफली करीत हिंडले. ओबर्लिन कॉलेजांतली 1953 सालची मैफल तबकडीवर निघाली ती अजून लोक ऐकतात. आणि 2000 सालीं त्याच जुन्या विद्यालयानें त्यांच्या नांवाची संस्था काढिली. विद्यालयांना पश्चात्ताप होतो, पण सवडीनें होतो. हे ब्रूबेक 1980 सालीं कॅथलिक झाले. त्यापूर्वींच त्यांनीं एक मिस्सा संगीतबद्ध केली होती. मेरी लू विल्यम्स ही थोर पियानोवादिनी 1957 सालीं कॅथलिक झाली. तिनें रचिलेली जॅझ-मिस्सा 1975 सालीं न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलांत झाली, आणि आयुष्याचीं शेवटचीं वर्षें तिनें ड्यूक विद्यापीठांत मुलांना शिकविण्यांत घालविलीं. मी आपल्या मिस्सेंत ड्रम आणणार आहे अशी कोणीं भीति बाळगूं नये. गोष्ट अंगणापुरतीच आहे.

महाविद्यालयांनीं या संगीताला घरांत घेतलें तें मात्र उशिरा. बोस्टनची जी शाळा आतां बर्कली म्हणून प्रसिद्ध आहे ती 1945 सालीं निघाली. 1947 सालीं नॉर्थ टेक्सासच्या कॉलेजांत या शाखेची पदवी सुरू झाली. आपल्याकडे पणजींत 1952 सालीं आंतोनियो द फिगरेदो यांनीं पाश्चात्त्य संगीताची अकादमी काढिली, ती पुढें कला अकादमींत सामील झाली. मुंबईंत 2013 सालीं ट्रू स्कूल ऑफ म्युझिक निघालें. हीं नांवें सांगण्याचें कारण इतकेंच, कीं "हें शिकून मुलगा काय करणार?" असा प्रश्न मला मिस्सेनंतर दोन बापांनीं केला आहे. आपल्या सावर्ड्यांत चित्र व शिल्प शिकविणारें कलामहाविद्यालय निघालें तेव्हां हाच प्रश्न कित्येकांनीं केला असेल. मातींत हात घालून गुरु व शिष्य एकाच मूर्तीपाशीं बसलेले आपण तेथें पाहतां, आणि त्यांत आपणांस कांहीं वावगें वाटत नाहीं.

आतां जें सांगावयाचें राहिलें आहे तें सांगतों. तें सोपें नाहीं.

आपल्या मंदिराशेजारच्या लहान खोलींत दर शनिवारीं संध्याकाळीं मास्तर फिडल शिकवीत असत. सात-आठ मुलें येत. फी महिना वीस रुपये, तीही जो देईल त्याच्याकडून. त्या खोलीला राळेचा वास असे. 2013 सालच्या सणाच्या दिवशीं महागुरु आपल्याकडे आले होते. मुलांनीं अर्पणाच्या वेळीं एक गीत वाजविण्यास घेतलें, आणि अर्ध्यावर दोघां-तिघांची वाट चुकली. मास्तरांनीं लय सोडून दिली; आपलें वादन हळू करून ते मुलांची वाट पाहूं लागले. गीत लांबलें. मला अंगावर कांटा आला, पाहुण्यांपुढें लाज वाटली. आणि मुलें वाजवीत असतांनाच मीं पुढची प्रार्थना मोठ्यानें सुरू केली. फिडलें एकामागून एक थांबलीं. मास्तरांचें सर्वांत शेवटीं थांबलें.

पुढच्या महिन्यांत मीं बटण दाबलें म्हणजे ताल देणारा विजेचा कीबोर्ड घेतला. तो चुकत नाहीं. खोली मंडपाच्या सामानाला दिली. मास्तरांना मीं "या नका" असें कधीं म्हटलें नाहीं. तसें म्हणण्याची गरजच मीं ठेविली नव्हती. आणि त्या दिवशीं वाट चुकलेल्या मुलांत सर्वांत लहान जो होता, वय वर्षें नऊ, तोच आज ट्रम्पेट शिकतो आहे. मुंबईच्या त्या रस्त्यावर "आपल्या मास्तरांसारखे" हे शब्द तो बोलला तेव्हां त्याला त्या दिवसाची आठवण होती कीं नव्हती, हें मीं विचारिलें नाहीं. मला होती.

जानेवारींत मी मास्तरांच्या घरीं गेलों. ते आतां ऐंशीच्या पुढें आहेत. मीं क्षमा मागितली. ते म्हणाले, "फादर, मुलें त्या दिवशीं पुढच्या ओळीला सांपडलीं असतीं. आणखी चार मात्रा पाहिजे होत्या." मग चहा आला. चहा घेतां घेतां, पहिल्या वर्षाच्या त्या पोराला उभ्या बेसवर कोणत्या बोटानें सुरुवात करविली, अशी बारीक चौकशी त्यांनीं चालविली. मला तें सांगतां आलें नाहीं, म्हणून ते थोडे नाराज झाले.

तेव्हां निर्णय असा आहे. मुंबईची मंडळी येत्या शनिवारीं मिस्सा आटोपल्यावर अंगणांत वाजवितील. त्यांचें खाणें व निजणें आपल्याकडे आहे. ज्यांच्या घरीं एकाची सोय होईल त्यांनीं आज रात्रीं जेवणापूर्वीं मला सांगावें. रविवारीं दुपारीं ते अध्यापक व आपले मास्तर मुलांना घेऊन बसणार आहेत. ती खोली मीं परवां रिकामी करविली. भिंतीला ओल आहे, चुना लागेल. किल्ली आतां मास्तरांकडे आहे. ज्यांच्या माळ्यावर जुनें फिडल पडलें असेल त्यांनीं तें आणून द्यावें, तार तुटलेली असली तरी चालेल. तारा आणि राळ त्या मुलानें येतांना आणावयाचें कबूल केलें आहे.